भिंतीतले भाऊजी

"भिंत आपणहून खोटं बोलत नाही, तिच्या वतीने खोटं बोलायला रंगारी ठेवलेला असतो," असं तो एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो एका रिकाम्या घरात स्टुलावर उभा होता. त्या घरातला म्हातारा एकटा मेला होता आणि वासानेच शेजाऱ्यांना कळलं होतं. पलंग हलवला होता, पण भिंतीवर पलंगाच्या उंचीला एक तपकिरी सावली राहून गेली होती. खाली ठेकेदार किल्ली वाजवत होता. "एक हात मार आणि चल. उद्या इथे माणसं राहायला येणार आहेत." रंगाऱ्याचं म्हणणं होतं की आधी खरवडावं, धुवावं, वाळू द्यावं. त्यावर ठेकेदार हसून म्हणाला, "मग बोल की खोटं. त्याचेच तर पैसे मिळतात तुला."

त्याने एक हात मारला. खाली उतरल्यावर गटाराच्या कडेला बसून त्याने उलटी केली, तोंड धुतलं आणि पुढच्या घराकडे गेला.

त्याला किळस फार लवकर यायची आणि पोट मात्र किळसवाण्या कामावरच भरायचं, हीच त्याच्या आयुष्याची गोम. इमारती सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, हजारो भाडेकरू, सगळ्यांची दारं एकाच करड्या रंगाची. एक कुटुंब गेलं आणि दुसरं यायचं, त्या मधल्या फटीत रंगाऱ्याला आत सोडत. माणसं घर सोडताना सामान नेतात आणि स्वतःला मागे ठेवून जातात, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. शेगडीच्या वर नख रुतेल असा तेलाचा पिवळा मेणचट थर. उशाशी डोक्यांनी घासून घासून केलेली तेलकट वर्तुळं, नवऱ्याचं वर, बायकोचं थोडं खाली. न्हाणीच्या छतावर बुरशीचे काळे ठिपके. गुडघ्याएवढ्या उंचीवर पोरांनी पुसलेला, वाळून काच झालेला शेंबूड. या सगळ्यावर एक हात. दोन-तीन महिन्यांत डाग वर यायचा, नवा भाडेकरू बोंब मारायचा, आणि ठेकेदाराला पुन्हा तेच काम मिळायचं. डाग हा ठेकेदाराचा खरा भागीदार होता. तो कधी भांडला नाही, कधी वाटा मागितला नाही.

संध्याकाळी घरी आला की रंगारी आधी टर्पेंटाइनने, मग साबणाने, मग नुसत्या गरम पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचा. तरी जेवताना घास नाकाजवळ नेऊन हुंगायचा. बायको म्हणायची, "अहो, विष नाही घातलंय. घालायचं असतं तर एवढं मीठ-तिखट कशाला वाया घालवलं असतं?"

तेही घर मंडळाचंच, भाड्याचंच. जिन्याच्या मधल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीला उत्तरेची भिंत आणि एकुलती एक खिडकी. उजेड तिथेच, म्हणून बायकोचं शिवणयंत्र त्या भिंतीला चिकटून. ती शर्टांच्या कॉलरी शिवायची. फक्त कॉलरी. गठ्ठ्याने पांढरं कापड यायचं, गठ्ठ्याने कॉलरी जायच्या. ती म्हणायची, "आख्ख्या गावाच्या माना माझ्या हाताखालून जातात, आणि माझ्यापुढे मान तुकवायला एकजण तयार नाही."

भिंतीवर ओल आली ती त्या यंत्राच्या मागून. आधी तळहाताएवढी. मग ती वर चढली, खांद्यांशी रुंदावली, आणि एका बाजूला झुकून बसली. पाठीवर गाठोडं घेतलेला माणूस दम खायला बसावा तशी. कडेला पिवळट रेघ, आत करडं, मध्ये काळ्या बुरशीची मऊ लव. भिंतीला खार फुटायचा आणि मिठासारखे पोपडे यंत्रावर पडायचे. बायकोने त्या डागाला नाव ठेवलं भाऊजी.

"अहो, तुमचे धाकटे बंधू आलेत भिंतीतून. बसलेत. जायचं नाव घेत नाहीत."

"चहा विचार त्यांना."

"चहा कसला, माझं सगळं सरबत पिऊन फुगलेत बघा. पावसाळ्यात तर भाऊजींची तब्येत काय सुधारते!"

मुलगी तेव्हा लहान. आईचे भाऊजी म्हणजे आपले काका, एवढा हिशेब तिला येत होता. शाळेतून आली की ती भिंतीला म्हणायची, "काका, आले हं मी."

हसण्याचे दिवस संपले ते कॉलरींवर ठिपके पडू लागल्यावर. गठ्ठे परत येऊ लागले. मग बायकोला खोकला लागला. आधी कोरडा, पुढे असा, की खोकून झाल्यावर ती यंत्राच्या चाकाला धरून बसायची आणि चाक आपोआप उलटं फिरायचं.

रंगाऱ्याने मंडळाकडे तक्रार केली. एकदा नाही, अनेकदा. भिंत स्वतः फोडून दुरुस्त करणं त्याला अवघड नव्हतं. पण भाडेकरूने गिलाव्याला हात लावला तर घर काढून घेऊ, असा मंडळाचा नियम. आणि तो तर मंडळाच्याच ठेकेदाराचा माणूस, घर आणि काम दोन्ही एका नियमात गेलं असतं. शेवटी मंडळाचा एक तपासनीस आला. त्याने भाऊजींच्या पोटावर हात ठेवला, हात रुमालाला पुसला, आणि म्हणाला, "ही ओल नाही."

"मग काय आहे?"

"घाम आहे. तुम्ही लोक खिडक्या बंद ठेवता, कपडे आत वाळत घालता, एका खोलीत तिघं-तिघं श्वास घेता. तो श्वास भिंतीवर जमतो. भिंतीत दोष नाही, राहण्याच्या पद्धतीत आहे."

बायको यंत्रावरून म्हणाली, "मग साहेब, श्वास कमी घेऊ का?"

तपासनीस हसला. त्याला तो विनोद वाटला. "खिडकी उघडी ठेवत जा," म्हणाला आणि गेला. थंडीत खिडकी उघडी राहिली. बायकोने श्वास कमी कमी घेतला, आणि एका थंडीत घ्यायचा थांबवला.

ती गेल्यावर रंगाऱ्याने नियमाला हात लावला. ठेकेदाराकडे सुट्टी टाकली, दार लावून घेतलं आणि ती भिंत विटेपर्यंत सोलून काढली. गिलावा ओल्या पावासारखा हातात येत होता. त्यातून जो वास निघाला, तो त्याला ओळखीचा वाटला. तिच्या उशीला तोच वास होता. त्याने विटा उघड्या ठेवल्या, खोलीत शेगडी पेटवून भिंत भाजली, डांबराचा थर दिला, नवा गिलावा केला, तो वाळू दिला, बारीक भेगांत लांबी भरली, पॉलिशपेपर मारला, आणि तीन हात पांढरा दिला. घाई करणारं कुणी नव्हतं. पुढे कित्येक पावसाळे गेले, भाऊजी परत आले नाहीत. कुणी भिंतीचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "बैल गेला नि झोपा केला." आणि वर्षातून एकदा ती भिंत पुसून, पुन्हा एक हात द्यायचा. इतर कुठेही त्याला घास हुंगल्याशिवाय जेवता येत नसे. त्या भिंतीला पाठ लावून बसला की येई.

असा तो म्हातारा झाला. गुडघे गेले, स्टूल सुटलं. मुलगी लग्न करून गेली होती, ती नवऱ्याचं घर सोडून परत आली आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. आणि मग मंडळाने जाहीर केलं की घरं विकायची.

आधी राहत्या भाडेकरूला विचारणार. घेतलं तर त्याचं. नाही घेतलं, तर ते घर एका कंपनीला जाणार, आतल्या माणसासकट, गाभण शेळी विकतात तसं. मग भाडं कंपनी ठरवणार, आणि भाडं झेपलं नाही की गावाबाहेरचा रस्ता मोकळाच आहे. किंमत ठरणार घराच्या अवस्थेवरून. पण प्रत्येक घर बघत बसायला मंडळाला वेळ नव्हता. पद्धत अशी, की एका जिन्यातलं एकच घर बघायचं, मधल्या मजल्यावरचं. त्याची जी अवस्था ती सगळ्या जिन्याची.

पलीकडच्या जिन्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या घरवाल्याने नळ उपटले, फरशा फोडल्या, संडासाची टाकी मुद्दाम तुंबवली, आणि एवढ्यानेही भागेना म्हणून शेजारणीकडून डबाभर झुरळं उसनी आणली. किंमत घसरली. जिना आनंदला. पण झुरळं परत जाईनात. आता तो माणूस स्वतःच्या मालकीच्या घरात, तुंबलेल्या संडासाशेजारी, उसन्या झुरळांसह राहत होता, आणि भेटेल त्याला पेढे वाटल्यासारखा सांगत होता, "स्वस्तात पडलं हो!"

रंगारी त्या जिन्यासमोरून जाताना नाक दाबायचा.

एका रविवारी सकाळी त्याचा स्वतःचा जिना त्याच्या घरात जमला. पुढारी तळमजल्यावरचा कंडक्टर. बसमधून निवृत्त झाला होता, तोंडातून बस उतरली नव्हती. "आत सरका, आत सरका, दार मोकळं सोडा," करत त्याने सगळ्यांना आतल्या खोलीत कोंबलं. वरच्या मजल्यावरची नर्सबाईही होती. रंगाऱ्याच्या बायकोला शेवटची इंजेक्शनं तिनेच दिली होती. माणसं दाटीवाटीने उभी राहिली आणि त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली, रागाने, लग्नात दुसऱ्याची मुलगी गोरी निघाली म्हणून बघावं तशी.

"ही बघा," कंडक्टर म्हणाला. "आख्ख्या जिन्यात उत्तरेची भिंत रडतेय. माझ्याकडे रडतेय, नर्सबाईंकडे रडतेय. आणि साहेब येऊन बघणार कुठलं घर? नेमकं हे! जिन्यातलं एकमेव कोरडं! आम्ही मंडळात जाऊन सांगून पाहिलं, आमची बघा म्हणून. म्हणे, मधल्या मजल्याची पद्धत आहे."

"मग मी काय करू?" रंगारी म्हणाला.

"काका, घर पाहावं बांधून म्हणतात. आपल्याला बिघडवून पाहायचंय."

"माझ्या घरात झुरळं येणार नाहीत."

"छे छे, झुरळं कशाला? तुम्ही कलाकार माणूस. तुम्ही ओल काढा."

खोलीत हसू फुटलं. रंगाऱ्याला आधी समजलं नाही. मग समजलं.

"आयुष्यभर मी ओल झाकली."

"तेच म्हणतोय! जो झाकतो त्यालाच काढता येते. आणि हे बघा, यात खोटं काय आहे? माझ्या घरातली ओल खरी आहे की नाही? खरी आहे. तीच तुमच्या भिंतीवर उतरवायची. नक्कल म्हणा. झेरॉक्स!"

"निघा," रंगारी म्हणाला.

कुणी निघालं नाही. नर्सबाई भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली. "काका, करा असं मी म्हणत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला म्हणवत नाही. पण चढ्या भावाने घर घेणं मला जमायचं नाही, आणि इथून उठले तर कुठे जाऊ, ते मला माहीत नाही. एवढंच."

ते गेल्यावर मुलीने खाली पडलेली माती झाडली. खोलीत इतक्या माणसांचा वास उरला होता: घामाचा, केसांच्या तेलाचा, आशेचा. आशेलाही वास असतो, तो शिळ्या तोंडासारखा असतो, असं रंगाऱ्याला वाटलं.

"बाबा," मुलगी झाडता झाडता म्हणाली, "तू नाही म्हणालास तरी मी काही बोलणार नाही."

"बोलतेयस की."

"एकच बोलते. मी एकदा घर सोडून आलेय. दुसऱ्यांदा निघायची ताकद माझ्यात नाही. आणि ही भिंत. कंपनी आली तर काय होईल हिचं? कुणीतरी येऊन खिळे ठोकेल. कुणीतरी उशाशी तेलाचे डाग पाडेल. मग ठेकेदार येईल आणि एक हात मारेल."

त्याने भिंतीला पाठ लावली. जेवला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी दुकानात असताना, त्याने ब्रश काढले. चहाची भुकटी उकळून घट्ट पाणी केलं. दिव्याची काजळी सरसात कालवली. मीठ विरघळवून ठेवलं, ते वाळल्यावर पांढरं फुटतं. स्वयंपाकघरात उभा राहून हे सगळं ढवळताना त्याला वाटलं, आपण कुणासाठी तरी जेवण करतोय. असा कोण आहे जो हे खाईल?

त्याने ठरवलं होतं की खालून थोडीशी काढायची, कोपऱ्यात, बेताची. ओला फडका मारून भिंत मऊ केली आणि पहिलं पाणी सोडलं. पांढऱ्यावर ते झिरपलं. कड पिवळी पडली. पण हात थांबेना. हाताला माहीत होतं कुठे जायचं. तो वर चढला, खांद्यांशी रुंदावला, एका बाजूला झुकला. रंगारी बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे, आणि त्या हाताच्या बोटांवर त्याचेच जुने चट्टे आहेत. गाठोडं आलं. पाठीचा बाक आला. मध्ये काळी लव आली. ती त्याने जुन्या ब्रशच्या झिजलेल्या टोकाने टोचून टोचून बसवली, आणि ती इतकी खरी दिसली की त्याने बोट मागे ओढून घेतलं. मिठाचं पाणी शिंपडलं. मग ब्रश खाली ठेवून तो मोरीत गेला आणि कोरड्या पोटाने ओकला. काहीच पडलं नाही.

मुलगी संध्याकाळी आली, चप्पल काढता काढता आत डोकावली आणि दारातच थांबली.

"बाबा," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे तर काका आहेत."

"हं."

"तसेच्या तसे."

"मला दुसरी ओल काढता येत नाही," रंगारी म्हणाला.

बातमी जिन्यात पसरली आणि माणसं बघायला येऊ लागली. नवं बाळ बघायला यावं तशी. "वा! काय ओल आहे!" "अगदी अंगावर येते हो!" "माझ्या घरातली खरी आहे, पण तिला हे रूप नाही." एकाने बोट लावायचा प्रयत्न केला तेव्हा कंडक्टर ओरडला, "हात बाहेर काढू नका! फुकट्या प्रवाशांनी लांबून बघा." त्याला एकच उणीव जाणवत होती. नाक वर करून तो म्हणाला, "दिसतेय फर्स्टक्लास. पण वास नाही." आणि तळमजल्यावरून त्याने एक कुजलेलं गोणपाट आणून यंत्राच्या मागे सरकवलं. ते यंत्र अजून तिथेच होतं, झाकलेलं. गोणपाटातून काळं पाणी ओघळून यंत्राच्या पायडलखाली गेलं. रंगारी ते बघत होता. त्याने काढ म्हटलं नाही. म्हणायचं तोंड आपलं राहिलं नाही, हे त्याला कळलं होतं.

आत आली नाही ती एकटी नर्सबाई. दारातून तिने भिंत पाहिली, ओळखली, आणि वर निघून गेली.

ते दिवस त्याने बाहेरच्या खोलीत काढले. घास हुंगायचा आणि बाजूला ठेवायचा.

मंडळाचा साहेब आला तो सकाळी. तरुण, नीटनेटका, बूट असे की त्याला ते घेऊन कुठेही जायची भीती वाटावी. सोबत जिना होताच: कंडक्टर पुढे, बाकीचे पायऱ्यांवर. "या साहेब, सांभाळून, इथे घसरतं," कंडक्टर म्हणत होता, जरी तिथे काहीच घसरत नव्हतं. मुलीने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. रंगारी आतल्या खोलीत, खिडकीपाशी उभा होता.

साहेब दारातच थांबला. आत पाऊल टाकायची त्याला गरज वाटली नाही. वासाने नाकाशी रुमाल नेला, भिंतीकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "हां. उत्तरेची भिंत. असणारच."

कंडक्टरचं पाठ केलेलं भाषण तोंडातच राहिलं. "म्हणजे, साहेब?"

"अहो, या सगळ्या जिन्यांचं हेच आहे. बांधतानाच बाहेरून दोन हात गिलावा द्यायचा होता, एकच मारलाय. पाणी आत ओढतं. आमच्याकडे शिपायालासुद्धा ठाऊक आहे. किंमत आम्ही ऑफिसातच कमी धरलीय, मी नुसता बघायला आलो. पद्धत म्हणून."

पायऱ्यांवर कुजबुज झाली आणि ती वरपर्यंत चढत गेली. कुणीतरी टाळी वाजवली. कंडक्टरला मात्र आपली ओल वाया गेल्यासारखं वाटलं असावं, तो म्हणाला, "तरी पण साहेब, नीट बघून घ्या की! एवढी आहे!"

"दिसतेय हो."

मुलगी म्हणाली, "पण तेव्हा तुमचेच साहेब आले होते. ते म्हणाले होते, ही ओल नाही. आमच्या श्वासाचा घाम आहे."

साहेब हसला. वाईट हसला नाही, घरच्यासारखा हसला. "ताई, तेव्हा दुरुस्ती आमच्या गळ्यात होती ना. म्हणायचे तसं. म्हणावंच लागायचं. आता घर तुमचं, भिंत तुमची, ओल तुमची. विकताना दोष सगळा सांगून टाकायचा, म्हणजे मागाहून कुणी दारात येत नाही." मग खोलीत कुणी म्हातारं उभं आहे हे लक्षात आल्यासारखा तो रंगाऱ्याकडे वळला, आणि जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं अशा घरात राहिलात? कमाल आहे. कधी तक्रार नाही केलीत?"

सगळे रंगाऱ्याकडे बघू लागले. तो भिंतीकडे बघत होता. भाऊजी गाठोडं घेऊन बसले होते. रात्रीच्या गारव्याने मीठ पाझरलं होतं आणि त्यांच्या पोटावर घामासारखे बारीक थेंब आले होते.

"त्यांना बोलायचं सुचत नाहीये," कंडक्टर म्हणाला. "आनंद झालाय."

"पहिल्यापासूनच होती ना ओल?" साहेब म्हणाला. "तेवढं हो म्हणा, म्हणजे झालं."

साहेबाने घड्याळात पाहिलं. कंडक्टर मागून मुलीला कोपराने ढोसत होता.

"हो," मुलगी म्हणाली. "पहिल्यापासून."

"झालं तर मग. अभिनंदन, बाबा. घर तुमचं झालं."

रंगारी पुढे झाला. त्याने भिंतीवर हात ठेवला, सपाट, पाची बोटं पसरून, तपासनिसाने ठेवला होता तिथेच. हात उचलला तेव्हा भाऊजींच्या पोटावर एक पांढरा पंजा उमटला होता आणि त्याच्या तळव्यावर चहा, काजळी आणि मीठ होतं. साहेब त्या पंजाकडे बघत राहिला. कंडक्टर डोळे मिटून घेऊन उभा राहिला.

पण साहेबाने काही विचारलं नाही. पद्धतीत ते नव्हतं. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

रंगाऱ्याने हात कुठेच पुसला नाही. तो साहेबाच्या अंगाशी आला तेव्हा साहेब आपले कपडे सांभाळत भिंतीकडे सरकला, मग तिथूनही सरकला. उंबऱ्याशी रंगाऱ्याने एका हाताने चप्पल पायात ओढली. "बाबा," मुलीने मागून हाक मारली, "हात तरी धू." पायऱ्यांवरची माणसं दोन्ही बाजूंना झाली. कुणी पाठ थोपटायला हात उचलला आणि त्याचा तळवा पाहून मागे घेतला. वरच्या कठड्याशी नर्सबाई उभी होती. आपल्या मालकीच्या घराचं करडं दार उघडं टाकून, घाणीचा हात अंगापासून लांब धरून तो जिना उतरून बाहेर पडला.